ओळ अधिक एक

लूप समजायला नमुनाबाईला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. पहिला धडा इतका सोपा गेला की तिला वाटलं, हात्तिच्या, एवढंच होय.

"एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असलं की ते पुन्हा पुन्हा लिहायचं नाही," लेक म्हणाली. "एकदा लिहायचं आणि सांगायचं, अमुक होईपर्यंत हेच करत राहा. याला लूप म्हणतात."

"मग त्यात नवीन काय? आमच्या विणकामाच्या पुस्तकात चांदणी काढलेली असते. या चांदणीपासून त्या चांदणीपर्यंत, ओळ संपेस्तोवर. जन्म गेला माझा त्यात."

लेक खूश झाली. "बघ, तुला येतंच आहे. मला उगाच वाटलं तुझ्या डोक्यावरून जाईल."

हे 'उगाच वाटलं' नमुनाबाईने ऐकलं आणि पोटात ठेवलं.

नमुनाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते तिला स्वेटरच्या कारखान्यात पडलं होतं. नवीन डिझाइन आलं की त्याचा पहिला तुकडा ती हाताने विणायची. तो पास झाला की मग मशीनवर शेकड्याने माल निघायचा. आता नावात थोडी चेष्टाही होती, नाही असं नाही. बाई स्वतःच एक नमुना होती. कुणाचा टाका सुटला तर ती चारचौघांत तो तुकडा उजेडाला धरायची, आणि चुकणाऱ्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण कारखान्यातून निघालेल्या कुठल्याही स्वेटरचा पहिला टाका तिच्या बोटांतून गेलेला असायचा, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग नवीन मशीन आलं. कपाटाएवढं, काचेचं झाकण, बाजूला पडदा आणि कळफलक. धाकट्या मालकांनी, म्हणजे मालकांच्या मुलाने, सगळ्यांना गोळा करून सांगितलं की यापुढे नमुना हेच विणणार. त्याला फक्त काय विणायचं ते लिहून द्यायचं. ज्याला लिहिता येईल तो या मशीनवर बसेल, बाकीच्यांची सोय पॅकिंगला.

"मावशी, पहिली संधी तुम्हाला," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी एक साधी तिरकी पट्टी करून दाखवा. आणि नाही जमलं तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. पॅकिंगमध्ये जागा आहे."

माणूस वाईट नव्हता. पण त्या मऊ आवाजाने नमुनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॅकिंग म्हणजे काय, तर दुसऱ्यांनी केलेले स्वेटर घडी घालून पिशवीत सारायचे. पहिला टाका घालणाऱ्या बाईने आता शेवटची पिशवी चिकटवायची. आणि वर वाईटही वाटून घ्यायचं नाही.

"जमेल," ती म्हणाली. "माझी लेक प्रोग्रॅमच लिहिते."

हेही तिने काही पहिल्यांदा सांगितलं नव्हतं. लेक कंप्युटरच्या कंपनीत लागल्यापासून कारखान्यात असं एक माणूस उरलं नव्हतं, ज्याने ही बातमी दोनदा तरी ऐकली नसेल. चहावाल्यालासुद्धा लेक काय काय करते ते तोंडपाठ होतं.

तर पहिल्या संध्याकाळी लूप आला. दुसऱ्या संध्याकाळी लेकीने तिला घरच्या लॅपटॉपसमोर बसवलं. मशीनवाल्यांनी एक सोय दिली होती. लिहिलेलं खरं विणायच्या आधी पडद्यावर चौकटी चौकटींनी दिसायचं, भरलेली चौकट म्हणजे उठावाचा, विणीतून वर उठून दिसणारा टाका. तिरकी पट्टी म्हणजे अगदी बालवाडीचं काम. पहिल्या ओळीत उठावाचा टाका पहिल्या जागी, दुसऱ्या ओळीत दुसऱ्या जागी, असं सरकत जायचं. नमुनाबाईने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, स्वतः लिहिलं. ओळ एकपासून सुरू. ओळ साठपर्यंत आहे तोवर पुढचं करत राहा. ओळीचा जो आकडा, त्या जागी उठाव घे आणि ओळ विण. आणि खाली शेवटी: ओळ अधिक एक.

बटण दाबलं. पडद्यावर पहिली ओळ आली. उठाव पहिल्या जागी. झकास. मग पुन्हा पहिल्या जागी. मग पुन्हा पहिल्याच जागी. तिरकी जायची ती पट्टी काठाला चिकटून सरळसोट वर निघाली, आणि थांबायचं नावच घेईना.

"हे काय चाललंय?"

"अडकला तुझा लूप," लेक म्हणाली, आणि तिने हात घालून तो बंद केला. "अगं, तू शेवटी नुसतं एक्स्प्रेशन लिहिलंयस. तिथे स्टेटमेंट पाहिजे."

"मराठीत सांग."

"एक्स्प्रेशन म्हणजे ज्याचं उत्तर निघतं. दोन अधिक तीन, उत्तर पाच. स्टेटमेंट म्हणजे ज्याने काहीतरी होतं. ओळ अधिक एक, याचं उत्तर निघालं, पण झालं काहीच नाही."

"उत्तर निघालं ना? मग?"

"मग काय? निघालं आणि गेलं."

"कुठे गेलं?"

लेकीने वर छताकडे बघितलं. ऑफिसमधून थकून आली होती पोर, आणि समोर आई होती, जी कधीही पहिल्या उत्तरावर गप्प बसली नव्हती. "आई, ते असंच असतं. इथे असं लिही." आणि तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून फडाफडा काहीतरी टाइप केलं. पट्टी सुरेख तिरकी गेली आणि साठाव्या ओळीला शहाण्यासारखी थांबली.

नमुनाबाईने बघितलं. तिथे लिहिलं होतं: ओळ बरोबर ओळ अधिक एक.

"हे चूक आहे," ती म्हणाली.

"चालतंय की."

"चालू दे. एखादी गोष्ट स्वतःपेक्षा एकने जास्त कशी असेल? पाच बरोबर सहा? शाळेत लिहिलं असतं तर बाईंनी पट्टी मारली असती."

"ते बरोबर म्हणजे तसं बरोबर नाही गं. ते..." लेक थांबली. तिला हे कुणाला समजावून सांगायची कधी वेळच आली नव्हती. तिला जे श्वास घेण्याइतकं येत होतं, ते शब्दांत धरायला गेलं की हातातून निसटत होतं. "तू ते पाठ कर बरं."

पाठ कर. हे शब्द नमुनाबाईला असे लागले, की ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली.

पुढच्या संध्याकाळी तेच. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही तेच. नमुनाबाई मुद्दाम पुसून नव्याने लिहायची, आणि प्रत्येक वेळी शेवटी हात आपसूक तेच लिहायचा: ओळ अधिक एक. तिचाही दोष नव्हता. विणताना आकडा असतो कुठे? ओठांत. एक ओळ झाली की ओठ म्हणतात, बावीस. म्हटलं की झालं. म्हणणं आणि मोजणं यात तिच्या आयुष्यात कधी फट पडलीच नव्हती. आता हे कपाटाएवढं मशीन तिला सांगत होतं की बाई, तुम्ही म्हणालात खरं, पण मी कुठे ऐकलं?

हे लेकीला कळायला मार्ग नव्हता. तिला इतकंच दिसत होतं की आई एकच चूक पुन्हा पुन्हा करते आहे, आणि प्रत्येक वेळी नव्याने चिडते आहे.

"किती वेळा सांगू? उत्तर ठेवायला नको का कुठेतरी?"

"मग तसं सांग ना. तू एकदा म्हणतेस उत्तर, एकदा म्हणतेस किंमत, आता म्हणतेस ठेव. एका शब्दावर राहा."

"तुला शिकायचंय की भांडायचंय?"

"दोन्ही," नमुनाबाई म्हणाली.

गुरुवारी लेकीने हात टेकले. तिने लॅपटॉप घेतला, आणि नमुनाबाईचं सगळं पुसून एकच लांबलचक ओळ लिहिली. लूप त्या ओळीच्या पोटातच कुठेतरी होता. कंसात कंस, त्यात आणखी कंस. बटण दाबलं, पट्टी तयार.

"हे घेऊन जा. शनिवारी फक्त बटण दाब. कुणाला काही कळणार नाही."

"यात ओळ कुठाय? आकडा कुठे बदलतो?"

"त्याची गरजच नाही. हे सगळं मिळून एकच एक्स्प्रेशन आहे."

"परवा नाही का म्हणालीस, एक्स्प्रेशनने काही होत नाही म्हणून?"

लेकीने कपाळाला हात लावला. "या एक्स्प्रेशनचं उत्तर मशीनला दिलंय, म्हणून होतं. आई, प्लीज. मी लिहून देते आहे ना?"

"आणि पुढच्या नमुन्याला? त्याच्या पुढच्या? तुला काय रोज डब्यासारखी बरोबर नेऊ?"

"मग जा पॅकिंगला," लेक म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिचा चेहरा पडला. नमुनाबाईने लॅपटॉप मिटला आणि ती उठून आत गेली. तिला रडू आलं नव्हतं, निदान तिचं तरी तसं म्हणणं होतं.

शुक्रवारी तिने रजा टाकली. सकाळी लेक न बोलताच ऑफिसला गेली. नमुनाबाई लॅपटॉप उघडून बसली. डोकं बधिर झालं होतं, आणि त्यात मोरीतला नळ टपटपत होता.

नवरा दाढी करून बाहेर आला. बसच्या डेपोत मेकॅनिक. साऱ्या गावाच्या गाड्या हा माणूस दुरुस्त करायचा. टॉवेलने गाल पुसत त्याने नळाकडे मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "वॉशर बदलायला हवा."

हे तो रोज म्हणायचा. दाढी झाली, नळ बघितला, वॉशर बदलायला हवा. निदान अगदी बरोबर होतं, शंकाच नको. आतला वॉशर झिजला होता, तो बदलला की नळ थांबणार होता. म्हणायचा आणि चपला घालून जायचा.

"अहो," नमुनाबाई म्हणाली.

"काय?"

"तुम्ही रोज हेच म्हणता."

"रोज गळतो म्हणून म्हणतो."

"पण म्हणून काय होतं?"

"म्हणजे काय? कारण सांगितलं ना तुला. वॉशरच आहे. मी पैजेवर सांगतो."

"कारण मलाही माहितीये. उत्तर बरोबर आहे तुमचं. पण ते उत्तर घेऊन पुढे कुणी काही करतं का? उद्या तुम्ही पुन्हा इथेच उभे राहणार, पुन्हा तेच..."

ती बोलता बोलता थांबली. नवऱ्याला वाटलं, आता मोठा स्फोट होणार. त्याने घाईघाईने चपला शोधल्या. पण बायको त्याच्याकडे बघतच नव्हती. ती लॅपटॉपकडे बघत होती.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "जा, उशीर होईल."

तो गेला. आणि नमुनाबाईने आपली ओळ वाचली, या खेपेला मशीनच्या बाजूने. ओळ अधिक एक. मशीन हिशेब करतं: एक अधिक एक, दोन. अगदी बरोबर. पैजेवर बरोबर. आणि मग चपला घालून निघून जातं. ते दोन कुणी हातात घेत नाही, कुठे ठेवत नाही. ओळ बिचारी होती तिथेच, एकवर. परत वर जाऊन बघितलं तर एकच. मग पहिलीच ओळ विणायची, दुसरं काय करणार?

म्हणजे उत्तर काढणं हे एक काम, आणि ते जागेवर बसवणं हे दुसरं काम. तिच्या ओठांत ही दोन्ही कामं एकदमच व्हायची, म्हणून ती दोन आहेत हेच तिला कधी कळलं नव्हतं. आणि ते 'बरोबर' म्हणजे बरोबर नव्हेच. ते बसव म्हणून सांगणं आहे. उजवीकडचं उत्तर काढ आणि डावीकडच्या नावावर बसव. जुना एक गेला, तिथे दोन आला.

मग कार्टीला हे असं सांगायला काय झालं होतं? पण मनातल्या मनात तिलाही ठाऊक होतं, की लेकीने सांगितलं होतं. ठेव म्हणाली होती. फक्त कशासाठी ठेवायचं ते आत पोचलं नव्हतं.

तिने लिहिलं. पट्टी तिरकी गेली आणि थांबली. तिने सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. मग मुद्दाम शेवटची ओळ लूपच्या बाहेर टाकून बघितली. मशीन पुन्हा अडकलं, आणि या वेळी का अडकलं ते तिला कळलं. मग तीच सूचना उठाव घ्यायच्या आधी टाकली, तर उठाव दुसऱ्या जागेपासून सुरू झाला. तेही कळलं. दिवसभर ती चुका करत बसली. आणि गंमत अशी की चिडचिड काही कमी झाली नाही. उलट वाढलीच. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी आठवडाभर स्वतःचं आणि दुसऱ्याचं डोकं खाल्लं.

संध्याकाळी लेक आली. तिने दबक्या आवाजात विचारलं, "माझी फाइल घेतलीस ना?"

"नाही. माझी घेतली."

"चालते?"

"चालते."

लेकीने आईपुढे पाण्याचा ग्लास ठेवला, आणि आईने तो रिकामा केला. त्या घरात समेट असाच व्हायचा.

शनिवारी सकाळी मशीनभोवती बरीच मंडळी जमली. नमुनाबाईने एका बोटाने, सगळ्यांच्या चुळबुळीकडे दुर्लक्ष करत, प्रोग्रॅम चढवला आणि बटण दाबलं. काचेच्या आत सुयांची रांग हलली. खालून तुकडा उतरू लागला, आणि पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. साठाव्या ओळीला मशीन थांबलं.

"वा," धाकटे मालक म्हणाले. ते फोनवर काहीतरी बघत बघत उभे होते. "आणि मोठ्या मापाचा हवा असेल तर?"

नमुनाबाईने साठाचे नव्वद केले. पुन्हा बटण. या खेपेला नव्वद ओळींचा तुकडा उतरला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"मस्तच काम झालंय," धाकटे मालक म्हणाले. "मावशी, तुमच्या मुलीला विचाराल का, आमच्यासाठी असं आणखी लिहून देईल? शनिवार-रविवार आली तरी चालेल. बाकी नमुने तिच्याकडून लिहून घेऊ. बटण दाबायला तुम्ही आहातच."

मंडळींनी माना डोलावल्या. सगळ्यांना पटलंच ते. पोरीने लिहिलं, आईने आणलं. इतकी वर्षं नमुनाबाईनेच त्यांना सांगितलं नव्हतं का, लेक प्रोग्रॅम लिहिते म्हणून?

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली.

"हो हो, तेच," धाकटे मालक हसून म्हणाले. त्या हसण्यात काडीचा वाईटपणा नव्हता, म्हणून तर ते सहन होईना. तोंडाने आणखी दहा वेळा सांगितलं असतं, तरी ते दहा वेळा असेच हसले असते.

नमुनाबाई पडद्याकडे वळली. तिने तो सगळा मजकूर निवडला आणि पुसून टाकला. पडदा पांढरा झाला.

"अहो, हे काय केलंत?" धाकटे मालक पुढे सरकले. "गेलं की ते."

"गेलं," ती म्हणाली. "बसा."

त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून ते बसले. नमुनाबाई उभ्यानेच लिहू लागली. एका बोटाने. अक्षर सापडलं की दाबायचं, मग पुढचं शोधायचं. वेळ लागला. मागची मंडळी कुजबुजली. ओळ एकपासून सुरू. साठपर्यंत आहे तोवर. उठाव घे, विण. शेवटच्या ओळीला तिचं बोट अधांतरी थांबलं. हात अजूनही जुन्या सवयीने धावत होता. धाकट्या मालकांनी फोन खिशात टाकला होता. त्यांना वाटलं असावं, आता ही अडकली.

तिने आधी डावीकडचं नाव लिहिलं. मग ते चिन्ह. मग उरलेलं. आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. पट्टी सरकू लागली. धाकटे मालक तुकड्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. जरा वेळाने त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मावशी, इथे 'ओळ' दोनदा का लिहिलंय?"

आठवडाभर जो तो तिला सांगत होता. कुणी काही विचारलं नव्हतं. नमुनाबाईने दुसरी खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.